पेन ड्राईव्हमधला शॉर्टकट व्हायरस काढला तरी परत येतोय? मग क्रम चुकतोय, असं करून बघा

पेन ड्राईव्ह लावला की आतल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसतात, प्रत्येक आयकॉनच्या कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण, साईझ बघितली तर एक-दोन केबी, आणि पोटात धस्स होतं की मुलीचे सगळे दाखले, मार्कशीटचे स्कॅन, लग्नाचे फोटो गेले. मग कुणीतरी सांगतं फॉरमॅट मार. फॉरमॅट मारतात, डेटा जातो तो जातोच आणि चार दिवसांनी परत तेच शॉर्टकट हजर. दरवर्षी ॲडमिशनचा सीझन आला, अकरावीचे, डिप्लोमाचे, स्कॉलरशिपचे फॉर्म सुरू झाले की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा याच विषयावर फोन येतो, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, फॉरमॅट करू नका. तुमच्या फाईली बहुतेक वेळा तिथंच असतात, फक्त लपवलेल्या असतात. पेन ड्राईव्हवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, युज्ड स्पेस किती दाखवतंय? आठ जीबीचा माल होता आणि अजूनही आठच दाखवतंय म्हणजे सगळं जागेवर आहे. हे बघितलं की निम्मी धाकधूक कमी होते.

आता हा प्रकार चालतो कसा ते समजून घ्या, कारण ते कळलं नाही तर तो परत का येतो तेही कळणार नाही. त्या बनावट शॉर्टकटवर राईट क्लिक करा (डबल क्लिक अजिबात नको), प्रॉपर्टीजमध्ये जा आणि टार्गेट नावाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. खऱ्या शॉर्टकटमध्ये तिथं फोल्डरचा पत्ता असतो. इथं सुरुवातच सीएमडी डॉट ईएक्सई (कमांड चालवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम) अशी असते, पुढं स्लॅश सी, मग स्टार्ट आणि कुठल्यातरी विचित्र नावाची व्हीबीएस फाईल (म्हणजे स्क्रिप्ट, कॉम्प्युटरनं ओळीनं पाळायच्या हुकमांची यादी), आणि त्याच ओळीत शेवटी तुमच्या खऱ्या फोल्डरचं नाव. म्हणजे तुम्ही क्लिक केलं की आधी ती स्क्रिप्ट चालते आणि लगेच तुमचं फोल्डरपण उघडतं, आतल्या फाईली नीट दिसतात, त्यामुळे माणसाला वाटतं की काही बिघडलं नाही, फक्त तो बाण आलाय. तेवढ्या वेळात स्क्रिप्टनं स्वतःची एक कॉपी तुमच्या कॉम्प्युटरच्या टेम्प नाहीतर ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि विंडोज चालू होताना आपणही चालू व्हावं अशी सोय करून घेतलेली असते. त्यानंतर जो पेन ड्राईव्ह लागेल त्याच्यातल्या फाईलींना ती हिडन आणि सिस्टिम असे दोन्ही शिक्के मारते, त्यांच्या जागी शॉर्टकट बनवते आणि स्वतः आत जाऊन बसते. काही जातींमध्ये दर थोड्या सेकंदांनी हा फेरा चालू असतो.

म्हणून नुसता पेन ड्राईव्ह साफ करून उपयोग नसतो. हे ढेकणांसारखं आहे, गादी उन्हात टाकली आणि पलंगाच्या फटी तशाच ठेवल्या तर रात्री परत चावणारच. आधी कॉम्प्युटर, मग घरातले झाडून सगळे पेन ड्राईव्ह, कार्ड रीडरमधली मेमरी कार्डं, एक्स्टर्नल हार्ड डिस्क, टीव्हीला गाणी लावायला ठेवलेला जुना पेन ड्राईव्हसुद्धा. एक जरी राहिला तरी सगळी मेहनत पाण्यात. आणि हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी पेन ड्राईव्ह साफ केला तर कॉम्प्युटर तुमच्या डोळ्यांदेखत तो परत खराब करून ठेवतो.

लागण कॉम्प्युटरला आहे की फक्त पेन ड्राईव्हमध्ये आहे हे ओळखायची सोपी खूण सांगतो. पेन ड्राईव्हमधला एक शॉर्टकट डिलीट करा आणि पाच-एक मिनिटं तसंच थांबा, मधूनमधून एफ फाईव्ह दाबून रिफ्रेश करत रहा. तो परत उगवला की समजायचं कॉम्प्युटरमध्ये स्क्रिप्ट आत्ता या क्षणाला चालू आहे. नाही उगवला तर कॉम्प्युटर बहुधा स्वच्छ आहे आणि घाण बाहेरून आलीय. दुसरी खूण अशी की फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू करता आणि थोड्या वेळानं ते आपोआप बंद झालेलं दिसतं, तर तिथंही कॉम्प्युटरमध्येच कुणीतरी बसलंय.

आता कामाला लागू. सगळे पेन ड्राईव्ह काढून बाजूला ठेवा आणि इंटरनेट बंद करा, वायफाय बंद किंवा केबल काढा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. प्रोसेसेसमध्ये मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट असं नाव दिसतंय का बघा, डीटेल्समध्ये गेलात तर तेच डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई म्हणून दिसेल. ही फाईल स्वतः व्हायरस नाही बरं का, ती विंडोजचीच आहे, व्हायरस तिच्याकडून आपली स्क्रिप्ट चालवून घेतो, त्यामुळे सिस्टिम थर्टीटू मध्ये जाऊन ती डिलीट करायच्या फंदात पडू नका, काही व्हिडिओत असं सांगतात, ते ऐकू नका. डीटेल्सच्या वरच्या पट्टीवर राईट क्लिक केलं की सिलेक्ट कॉलम्स येतं, त्यात कमांड लाईनला टिक करा. आता त्या ओळीत पुढं दिसेल की नेमकी कुठली फाईल, कुठल्या फोल्डरमधून चालू आहे. तो पत्ता मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढं लागणार आहे. मग एंड टास्क.

त्यानंतर टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपचा टॅब. तिथंही वरच्या पट्टीवर राईट क्लिक करून कमांड लाईन चालू करा. व्हीबीएस, जेएस, डब्ल्यूएसएफ अशा शेपटीची काही फाईल असेल, किंवा टेम्प नाहीतर ॲपडेटा रोमिंगमधून अक्षरांची खिचडी असलेल्या नावाचं काही चालू होत असेल तर डिसेबल करा. मग विंडोजचं बटन आणि आर दाबून रनच्या खिडकीत शेल कोलन स्टार्टअप टाईप करा, मध्ये स्पेस द्यायची नाही. जे फोल्डर उघडेल ते बऱ्याच घरगुती कॉम्प्युटरवर रिकामंच असतं, त्यात तुम्ही न टाकलेली स्क्रिप्ट दिसली तर उडवा. लोक इथपर्यंत करतात आणि थांबतात. पण टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी विंडोजची सोय, राहून जातो, आणि परत येण्याचं एक मोठं कारण तिथंच असतं. स्टार्ट मेन्यूत टास्क शेड्यूलर शोधा, डावीकडं टास्क शेड्यूलर लायब्ररीवर क्लिक करा, मधल्या यादीतलं एकेक टास्क निवडून खाली ॲक्शन्स टॅबमध्ये ते काय चालवतंय ते बघा. ब्राऊझरचे अपडेट, प्रिंटरचं, ग्राफिक्स कार्डचं हे सगळं असतं, त्याला हात लावू नका. पण जिथं स्क्रिप्ट होस्ट, पॉवरशेल किंवा मघाशी फोटो काढलेला तो पत्ता दिसेल ते टास्क डिलीट. शेवटी त्या पत्त्यावर जाऊन मूळ फाईल उडवा आणि रिसायकल बिन रिकामं करा.

हे हातानं करायची भीती वाटत असेल तर थेट पुढच्या पायरीवर या, पण स्कॅन साधा नको. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथं स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, ऑफलाईन स्कॅन असतो. तो कॉम्प्युटर रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच तपासणी करतो, त्यामुळे व्हायरसला लपायला, स्वतःला वाचवायला संधी मिळत नाही. पाव-एक तास लागतो. त्याच्या आधी इंटरनेट थोडा वेळ चालू करून डेफिनिशन्स (व्हायरस ओळखायच्या खुणांची यादी) अपडेट करून घ्या म्हणजे नवीन जातीपण ओळखेल. आणि त्याच पानावर मॅनेज सेटिंग्जमध्ये एकदम खाली एक्सक्लूजन्स नावाची यादी आहे ती नक्की उघडा. या यादीत जे असेल तिकडे डिफेंडर बघतच नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना "आधी अँटीव्हायरस बंद करा, हे फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाका" असं सांगितलेलं असतं ना, ते सगळं इथं साचलेलं असतं, कधी कधी अख्खा सी ड्राईव्ह. अशा वेळी रोज स्कॅन केला तरी रोज सगळं हिरवंच दाखवणार. यादी रिकामी करा, मग स्कॅन करा.

अँटीव्हायरस विकत घ्यावं का हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझं मत विचाराल तर घरच्या वापराला विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरे, पण तो चालू पाहिजे आणि अपडेटेड पाहिजे. क्विक हील आपल्या पुण्याचं, काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या दुकानापासून उभं केलेलं, बरेच जण विश्वासानं घेतात, घ्यायला हरकत काहीच नाही, पण मग दरवर्षी रिन्यू करायची तयारी ठेवा. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे लॅपटॉपबरोबर आलेलं ट्रायल अँटीव्हायरस मुदत संपून तसंच पडलेलं, कोपऱ्यात लाल खूण, आणि घरातल्यांना वाटतंय की आपल्याकडं अँटीव्हायरस आहे. ते अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा आणि डिफेंडर चालू झाला का ते डोळ्यांनी बघा. दोन-दोन अँटीव्हायरस एकदम ठेवू नका.

कॉम्प्युटर झाला, आता पेन ड्राईव्ह. लावताना ऑटोप्लेची खिडकी आली तर बंद करा. ड्राईव्हचं अक्षर बघा, समजा ई आहे. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि फोनवर मी जसं सांगतो तसं एकेक अक्षर टाका. ए टी टी आर आय बी, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस एस, स्पेस, मायनस आर, स्पेस, मग ई कोलन बॅकस्लॅश स्टार डॉट स्टार, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी, आणि एंटर. ड्राईव्हच्या जागी चुकून सी टाकू नका, विंडोजच्या ज्या फाईली मुद्दाम लपवलेल्या असतात त्या सगळ्या उघड्या पडतील. डेटा जास्त असेल तर थोडा वेळ लागतो, कर्सर परत खालच्या ओळीवर आला की झालं. बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की प्रॉपर्टीजमध्ये हिडनची टिक काढायला गेलो तर ती राखाडी झालीय, निघतच नाही. त्याचं कारण सिस्टिमचा शिक्का, तो वरच्या कमांडमधल्या मायनस एस नं निघतो, म्हणून ही कमांडच लागते.

आता पेन ड्राईव्ह उघडा, तुमची खरी फोल्डरं शॉर्टकटांच्या शेजारी दिसायला लागतील. सगळे शॉर्टकट डिलीट करा, व्हीबीएस, जेएस वगैरे स्क्रिप्ट फाईली आणि ऑटोरन डॉट आयएनएफ असेल तर तीही. सिस्टिम व्हॉल्युम इन्फर्मेशन नावाचं एक फोल्डर दिसेल, ते विंडोजचं आहे, घाबरू नका, राहू द्या. कधी कधी वेगळाच नमुना भेटतो, म्हणजे आत फाईली नाहीत, पेन ड्राईव्हच्याच नावाचा एकच शॉर्टकट आहे. त्यात कमांड चालवल्यावर बिननावाचं एक फोल्डर वर येतं, नावाच्या जागी नुसतं रिकामं, कारण नाव म्हणून न दिसणारं अक्षर दिलेलं असतं. तुमचा सगळा माल त्याच्या आत असतो. फाईली बाहेर काढून घ्या आणि ते फोल्डर टाका. ही अँड्रोमेडा किंवा गामारू म्हणतात त्या जातीची सवय, तिच्यामागचं जाळं युरोपोल, एफबीआय वगैरेंनी मिळून नोव्हेंबर २०१७ मध्ये उद्ध्वस्त केलं, पण जुने पेन ड्राईव्ह आणि जुने कॉम्प्युटर फिरतायत तोवर हे प्रकार मधूनच डोकं वर काढतात.

सगळे ड्राईव्ह झाल्यावर परीक्षा घ्या. एक पेन ड्राईव्ह रिकामा करून त्यात एक साधं फोल्डर बनवा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, पेन ड्राईव्ह लावून थोडा वेळ ठेवा, काढा, परत लावा. फोल्डर फोल्डरच राहिलं तर जिंकलात. शॉर्टकट झाला तर स्टार्टअप किंवा शेड्यूलरमधलं काहीतरी सुटलंय. मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट टूल आहे, ते विंडोजबरोबर जे जे सुरू होतं ते सगळं एका यादीत दाखवतं, ते घेऊन परत तपासा. दोनदा करूनही जात नसेल तर फाईली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, फक्त कागदपत्रं आणि फोटो, ईएक्सई किंवा सेटअप काहीही नको, आणि विंडोज नव्यानं टाका. त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र कुणी मनावर घेत नाही आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. या स्क्रिप्टा फक्त शॉर्टकट बनवून गप्प बसत नाहीत. जेन्क्सकस नावाची जात घ्या, तिच्याविरुद्ध मायक्रोसॉफ्ट २०१४ मध्ये अमेरिकेत कोर्टात गेली होती, ती बाहेरच्या माणसाला तुमच्या कॉम्प्युटरचं दार उघडून देते, तो हवं ते डाऊनलोड करून चालवू शकतो. त्यामुळे लागण झालेल्या काळात ज्या कॉम्प्युटरवरून नेट बँकिंग केलं, मेल उघडला, त्यांचे पासवर्ड बदला, आणि ते बदलणं दुसऱ्या स्वच्छ फोनवरून करा. पैसे गेल्याचं दिसलं तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

आता परत येऊ नये म्हणून. विंडोज सेव्हनपासून पेन ड्राईव्ह लावल्या लावल्या प्रोग्रॅम आपोआप चालणं बंद झालं, एक्सपी आणि व्हिस्टालाही फेब्रुवारी २०११ मध्ये तसं अपडेट मिळालं, कारण २००८ मध्ये आलेल्या कॉन्फिकरसारख्या वर्मनी (आपणहून पसरणाऱ्या व्हायरसांनी) त्याच वाटेनं धुमाकूळ घातला होता. म्हणूनच मग हे शॉर्टकट आले, आपोआप चालता येत नाही तर माणसालाच क्लिक करायला लावायचं. म्हणजे बऱ्याचदा सगळं तुमच्या एका डबल क्लिकवर आहे. बऱ्याचदा म्हणतोय कारण २०१० मधल्या स्टक्सनेट नावाच्या वर्मला तीही गरज नव्हती, नुसता आयकॉन स्क्रीनवर दिसला तरी तो आत शिरायचा. त्या भोकासाठी त्याच वर्षी अपडेट आलं, पण ज्यांनी अपडेट टाकले त्यांच्यापुरतंच. म्हणून विंडोज अपडेट बंद करून ठेवू नका. विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यासाठी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. सेव्हन अजून चालवणाऱ्यांनी ते मशीन नेटला आणि बाहेरच्या पेन ड्राईव्हला लावू नये हे उत्तम.

दुसरं, झेरॉक्सच्या दुकानात, सायबर कॅफेत पेन ड्राईव्ह देणं शक्यतो थांबवा. दुकानदाराला दोष देत नाही मी, त्याच्याकडे सीझनला दिवसभर लोकांचे पेन ड्राईव्ह येत-जात असतात, एका मशीनमध्ये शिरलं की सगळ्यांना प्रसाद. पीडीएफ दुकानाच्या मेलवर पाठवा. तिथल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडलं असेल तर निघताना फोनमधून लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन लॉगआऊट करा. द्यावाच लागला तर बाहेर न्यायला एक वेगळा स्वस्तातला पेन ड्राईव्ह ठेवा, त्यात फक्त त्या दिवसाची फाईल टाका, घरी आल्यावर काही परत घ्यायचं नसेल तर घरच्या कॉम्प्युटरला न जोडता ठेवून द्या. मूळ दाखले त्यात कधीच नकोत.

तिसरं, घरी कुणी व्हीबीएस फाईली वापरत नसेल तर स्क्रिप्ट होस्टच बंद करता येतं, रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) विंडोज स्क्रिप्ट होस्टच्या सेटिंग्जमध्ये एनेबल्ड नावाची व्हॅल्यू शून्य करून. पण ऑफिसचं किंवा अकाऊंटिंगचं काही सॉफ्टवेअर असेल तर आधी विचारून घ्या, काहींना ते लागतं, आणि रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर जाणत्या माणसाकडून करून घ्या. त्याऐवजी प्रत्येकानं करावं असं एक सोपं काम म्हणजे फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू ठेवणं. मग "निकाल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" असली फाईल लगेच ओळखू येते, नाहीतर ती नुसती पीडीएफच वाटते. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर फुकट टूल्स आहेत, त्यात सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं यूएसबी प्रतिरोधही आहे, कुठले पेन ड्राईव्ह चालू द्यायचे ते त्यातून ठरवता येतं.

आणि हो, स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात सारखं "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले" असं येत असेल तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो, कुठल्यातरी साईटला तुम्ही नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. ब्राऊझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समधून ती साईट काढा, त्यातल्या नंबरवर फोन करू नका.

एवढं करूनही अडलात तर खाली लिहा, पण लिहिताना विंडोज कुठलं, पेन ड्राईव्हमधल्या शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये नेमकं काय दिसतंय, आणि शॉर्टकट डिलीट केल्यावर परत येतोय की नाही, या तीन गोष्टी सांगा, म्हणजे पुढचं बोलता येईल.